आमच्या बरणीतलं मीठ

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ९.२ आलं (थायरॉइड मंदावलं की हा आकडा चढतो) आणि मी सगळा राग मिठाच्या बरणीवर काढला. दोन वर्षांपूर्वी मामंजींचं बीपी निघालं, कुणीतरी मोबाइलवर सैंधवाचे गुण पाठवले, आणि त्या आठवड्यापासून आमच्या घरी भाजी-आमटी सैंधवात. लोणचं, ताक, शेंगाचटणीला सोलापूरच्या मंगळवार पेठेतून सुटं आणलेलं खडेमीठ. पुडीतलं आयोडीनचं मीठ घरातून हद्दपारच झालं होतं, आणि थायरॉइडला तर आयोडीन लागतं. तेव्हा थकवा, केसगळती, चढलेलं वजन, सगळ्याचा गुन्हेगार मला एका क्षणात सापडला.

डॉक्टरांनी मात्र मिठाचं नाव काढलं नाही. आणखी दोन रक्ततपासण्या लिहून दिल्या: फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं. रिपोर्टला दोन दिवस होते, तेवढ्यात मी ऑनलाइन मागवलेला मीठ तपासायचा किट आला.

किट म्हणजे एक इवलीशी बाटली. चमचाभर मीठ सपाट करायचं आणि वर दोन थेंब टाकायचे. बाटलीत स्टार्च असतो, आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. कार्डावर ०, ७, १५, ३० पीपीएमचे (दहा लाख भाग मिठात किती भाग आयोडीन) रंग छापलेले. सैंधव कोरंच राहिलं, खडेमीठही कोरं. मीठ अल्कलीयुक्त असेल तर रंग दबतो, म्हणून सोबत दुसरी बाटली येते. नव्या चमच्यावर आधी ती टाकून पाहिली. तरीही काही नाही. मग शेजारच्या काकूंकडून चिमूटभर पुडीचं मीठ आणलं. थेंब पडायचा अवकाश, गडद जांभळं!

आत्या (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) कट्ट्याला टेकून बघत होत्या. "आमचं अख्खं आयुष्य खडेमिठावर गेलं की गं. कुणाला गलगंड झाला?"

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की समुद्राचं मीठ म्हणून त्यात आयोडीन असतंच, हा माझाही गैरसमज होता. मीठ वाळताना त्यात आयोडीन नावापुरतं उरतं. पुडीत ते मुद्दाम घालतात, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, कारण ते आपल्याकडच्या दमट हवेतही टिकतं. ही मोहीम जुनी आहे. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. त्याआधी १९५६ पासून संशोधक डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं होतं. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. खडेमिठाच्या दुकानदाराला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, हे जनावरांचं हाय. तुमी खाता ते मला काय म्हाईत?"

रिपोर्ट आला. अँटी-टीपीओ खूप वाढलेलं. म्हणजे माझंच शरीर माझ्या थायरॉइडवर उठलेलं; मिठाने झालं असं म्हणता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी जरा खट्टूच झाले, दोन वर्षांचा आरोपी निर्दोष सुटला की! लघवीतलं आयोडीन तपासू का, विचारलं. ते हसले. ते रोज वरखाली होतं, एका माणसाच्या एका तपासणीवरून काही ठरत नाही. अख्ख्या गावाचा अंदाज घ्यायला ती चाचणी. आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल? "अजिबात नाही. या आजारात जास्तीचं आयोडीन थायरॉइड आणखी मंद करू शकतं." सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. सोलापुरात चहा थांबवणं म्हणजे शिक्षाच, पण असो.

उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का?"

धाकट्या जावेला तिसरा महिना चालू होता.

तिथे त्यांचा सूर बदलला. पहिल्या काही महिन्यांत बाळाला थायरॉइडचं हार्मोन आईकडूनच मिळतं आणि त्यावर मेंदूची वाढ अवलंबून असते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणी २५० लागतं. आणि आमच्या बरणीत शून्य.

घरी येऊन हिशेब मांडला. पुडीच्या मिठात आपल्या हातात येईपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन हवं, असा नियम आहे. १५ धरलं तर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. बीपीमुळे मामंजींना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचंय, म्हणजे पंचाहत्तर, शिजताना आणखी काही उडतं. म्हणजे मीठ कमी करायचं तर ते नेमकं आयोडीनचंच हवं. आम्ही उलटं केलं होतं. उरलेली भरपाई दूध, दही, अंडी करतात. समुद्राचे मासे आमच्याकडे क्वचित येतात, आणि उजनीच्या गोड्या पाण्यातल्या माशात तेवढं आयोडीन नसतं.

आता पुडीचं मीठ झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब असतं. जावेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं टीएसएच तपासून घेतलं, ते ठीक आलं.

खडेमीठ मात्र आत्यांनी टाकू दिलं नाही. दर अमावास्येला त्यातली मूठ मोहऱ्यांसोबत जावेवरून ओवाळून चुलीत जाते.