“काका, आमच्याकडे तर नीट चालतोय”

माझा डेस्कटॉप २००९ चा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, विंडोज ७. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या लग्नपत्रिका त्यात आहेत आणि दुसरीकडे त्या फाइली धड उघडत नाहीत, म्हणून “नवा घ्या” हा सल्ला मी कधीच ऐकत नाही. ऐन लग्नसराईत तो मधेच बंद पडायला लागला. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, लाइट गेल्यासारखा काळाठिक्कर.

यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, रॅम खोडरबराने घासली, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) नवा टाकला. फरक शून्य. मग अॅक्टिव्हाच्या पायात कॅबिनेट ठेवून दुरुस्तीचं दुकान गाठलं.

तिथला मुलगा दोन दिवसांनी म्हणाला, “काका, आमच्याकडे तर नीट चालतोय.” घरी आणला, वीस मिनिटांत बंद. परत नेला. या वेळी चारशे रुपये घेऊन विंडोज फॉरमॅट केलं, श्रीलिपी पुन्हा टाकायचं काम माझ्या गळ्यात. घरी आणला, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला मदरबोर्ड गेला म्हणे, “आता येत नाही तो, नवा सेट घ्या.” गेलेला मदरबोर्ड तुमच्याकडे दोन-दोन दिवस चालतो कसा, हे विचारल्यावर तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

मी मात्र काउंटरकडे बघत होतो. माझं कॅबिनेट आडवं झोपवलेलं, बाजूचा पत्रा काढलेला, वर पंखा फुल. घरी ते उभं, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं.

घरी येऊन बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा सेटिंगचा स्क्रीन) प्रोसेसरचं तापमान पाहिलं: काही काम नसताना ९१ अंश. लगेच परत चालू केला तर दोनच मिनिटांत बंद पडायचा, हीच तापण्याची खरी खूण होती. मी ती महिनाभर बघत होतो आणि मला कळली नाही. पत्रा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी, आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) चार पिनांपैकी एक निसटलेली. कॅबिनेट उभं केलं की हीटसिंक प्रोसेसरपासून किंचित सुटायचा; आडवं केलं की स्वतःच्याच वजनाने बसायचा. दुकानात म्हणून नीट!

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोहोचवणारी जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बनियनच्या फडक्याने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, पिना समोरासमोरच्या जोडीने टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. आता ४६ अंश.

हो, धूळ फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. पिना काढायच्या तर डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून. एसएमपीएसचे साडेसातशे रुपये घालवण्याआधी मी बायोस उघडायला हवा होता, तिथे जायला पैसे पडत नाहीत. आणि घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर ती भानगड वेगळी, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला. माझा तोही गेलेला निघाला. फॉरमॅट करणाऱ्याला २००९ सालची तारीख दिसली नव्हती का, कोण जाणे.