स्वीट पी लावा, पण रब्बीच्या हिशोबाने

स्वीट पी हा सुवासिक फुलांचा वेल. त्याच्या विलायती बियांच्या पाकिटावर ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असं छापलेलं असतं. ते तिकडच्या थंडीसाठी. नागपुरात एप्रिलमध्ये पेरलेलं रोप उन्हात करपणार. इथे स्वीट पी दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावायचा.

यामागचं कारण मला आईमुळे उमगलं. आई भंडाऱ्याकडची. गच्चीवरची कोवळी रोपं पाहून म्हणाली, “हे तं लाखोळीवानी दिसते व!” दिसणारच, लाखोळी हे डाळीचं पीक आणि स्वीट पी, दोन्ही लॅथिरस या एकाच वनस्पती-गटातले. तिच्या माहेरी धान कापायच्या थोडं आधी उभ्या बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, लाखोळीचं बी फेकतात. उरलेल्या ओलीवर ती थंडीत वाढते. स्वीट पी मूळचा सिसिलीचा. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणून तोही थंडीतच वाढणारा. १६९९ साली फ्रान्सिस्को कुपानी या तिथल्या धर्मगुरूंनी त्याचं बी इंग्लंडला पाठवलं आणि तिकडे त्याचे नाना रंग झाले. पण वेलाचा स्वभाव रब्बीचाच राहिला. कुपानींच्या नावाचा जुना वाण अजून मिळतो. फूल लहान, जांभळं-किरमिजी, वास मात्र दरवळणारा. मोठ्या फुलांचे नवे वाण कितीही देखणे असोत, मला हाच हवा.

बी रात्रभर भिजवून घ्या. आपली काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर घालायचं. कुंडी खोल हवी. चार-पाच पानं आली की शेंडा खुडा, फुटवे येतात. आधाराला जाड बांबू नको, त्याला याचे नाजूक ताणे नीट धरत नाहीत. गेल्या हंगामातल्या तुराट्या उत्तम. त्या फांद्याफांद्यांनी वेल भराभर चढतो. पाणी सकाळी, बुडाशी. पानं ओली करू नका.

फुलं येऊ लागली की रोज तोडा! वेलावरची फुलं तोडायला माझ्या आईचा हात धजत नाही, पण शेंगा धरल्या की वेल फुलणं सोडतो. आणि आपल्याकडे वेळ मुळातच कमी. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढतं, पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. तोवर घरातला एकही पेला रिकामा राहू देऊ नये, शेजारीही द्यावीत.

बियाण्यासाठी शेवटी एका वेलावर शेंगा वाळू द्या. त्या थेट मटारासारख्या दिसतात, पण बिया विषारी आहेत. लहान मुलं असतील तर कुंडी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि बियांची डबी स्वयंपाकघरात अजिबात नको.