फियाटचा मडगार्ड: फायबर की पत्रा?

सासऱ्यांची १९७० सालची फियाट ११०० डी रत्नागिरीहून ट्रकवर चढवून पुण्याला आणली, तेव्हा इंजिनाची काळजी मला फारशी नव्हती. १०८९ सीसीचं ते इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री अजून आहेत, पिस्टन-रिंगाही मिळतात. खरं दुखणं बॉडीचं होतं. गाडी बरीच वर्षं समुद्राजवळ शेडखाली उभी होती. वरून रंग बरा दिसायचा, पण पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला अंगठा दाबला की अंगठा आत. हेडलाइटच्या वाटीमागे वर्षानुवर्षांचा चिखल बसून घट्ट झाला होता आणि त्याच्या मागचा पत्रा फक्त रंगाच्या जोरावर उभा होता. दरवाज्यांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती बुजलेली. मॅटखाली फ्लोअरला तर दिवसा उजेड दिसत होता.

अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, अट एकच होती. "काय वाट्टेल ते करा जावईबापू, पण नंबर तोच राहिला पाहिजे." त्या वेळी मला ती हौस वाटली. पुढे सगळा निर्णय याच अटीभोवती फिरला.

गॅरेजमध्ये सल्ले देणाऱ्यांचे दोन पक्ष झाले. एक म्हणे, फायबर (काचतंतू आणि रेझिनचा भाग) टाका, जन्मात गंजणार नाही. दुसरा म्हणे, फायबर टाकलं की गाडीची किंमत गेली. दोघांनाही गाडी एकच वस्तू वाटत होती, आणि तिथेच घोळ होता. मी आधी वही काढली आणि एकेका भागासमोर लिहिलं की हा भाग बोल्टवर आहे की वेल्डिंगचा, आणि याच्यावर गाडीचा भार आहे की नाही. जुनी गाडी घेऊन बसलेल्या कुणालाही मी आधी हेच करायला सांगेन. निम्मा वाद तिथेच मिटतो.

कारण ११०० डी ला वेगळी चासी नाही. ही मोनोकॉक गाडी. फ्लोअर, दाराखालची पेटी, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. फायबरला पत्र्याशी वेल्ड करता येत नाही, फक्त चिकटवता किंवा रिबेट मारता येतं. फ्लोअरवर किंवा दाराखालच्या पेटीवर फायबरचा थर देऊन भोक बुजवणारे लोक आहेत. वरून ते छान दिसतं. आत ओल कोंडून राहते, गंज पुढे खातच जातो आणि जॅक लावला की दरवाजा लागेनासा होतो. फायबरच्या गाड्या होत्याच की, असं मला कुणीतरी ऐकवलं. होत्या ना. अमेरिकेत १९५३ पासून कॉर्व्हेट फायबरची, आपल्याकडे बंगळुरूची सिपानी डॉल्फिन फायबरची. पण त्यांच्या खाली भार घेणारी वेगळी चासी होती, आणि त्या मुळातच फायबरसाठी आखल्या होत्या. तेव्हा वहीतले फ्लोअर, पेट्या आणि मागचे क्वार्टर (मागच्या चाकांवरचे पत्रे) एका झटक्यात पत्र्याच्या रकान्यात गेले. राहिले पुढचे दोन मडगार्ड, बॉनेट आणि डिकी.

भोसरीकडे एक फायबरवाला मिळाला. बसचे भाग करतो, टाक्यांची झाकणं करतो आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या कमानी आणि खांब. माणूस हुशार, बोलायला मोकळा. त्याच्याकडे याच गाडीच्या मडगार्डचा साचा होता. त्याने सांगितलेला आकडा पत्र्याच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी होता, आणि मुदत एका आठवड्याची. मोह पडलाच. मी त्याच्याकडचा एक तयार मडगार्ड गाडीवर नुसता धरून बघायला मागितला. त्याने आनंदाने दिला.

धरून बघितल्यावर गोष्टी दिसू लागल्या. हा साचा कुठल्यातरी गाडीच्या मडगार्डवरून घेतलेला, आणि त्या मडगार्डवर आधीच पुट्टी आणि रंगाचे थर असणार, कारण हेडलाइटच्या वरची भुवईसारखी धार बोथट झाली होती. शिवाय पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. त्यामुळे साच्यातून निघालेला तुकडा मूळ मापाहून किंचित लहान भरतो. दरवाज्याकडची फट वर बारीक, खाली रुंद. चाकावरची कमान तर लगेच ओळखू आली. पत्र्याची कड आत दुमडलेली असते, तिला एक बारीक गोलाई येते. फायबरची कड म्हणजे तीन-चार मिलिमीटरची सरळ जाडी. ती दुमडल्यासारखी दाखवायला मागून आणखी थर द्यावे लागतात.

यातलं बरंचसं कारागिरीने सुधारता येतं, हे फायबरवाल्याचं म्हणणं खरं आहे. नवा साचा चांगल्या मडगार्डवरून घ्यायचा, जेलकोटवर (रेझिनच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर नीट रोलरने हवा काढून बसवायचे, हार्डनरचं प्रमाण हवामान बघून ठेवायचं, आणि तुकडा साच्यातून घाईने काढायचा नाही. बोल्टच्या जागी आतून लोखंडी पट्टी बसवायची, नाहीतर बोल्ट आवळला की फायबर चिरडतं आणि भोकाभोवती जेलकोटला ताऱ्यासारख्या चिरा जातात. हे सगळं केलं तर मडगार्ड चांगला होतो. पण हे सगळं केलं तर तो स्वस्तही राहत नाही, आणि आठवड्यातही होत नाही.

बॉनेटचा हिशेब वेगळा निघाला. तिथे लोक वजनाचं कारण देतात, म्हणून मी कागदावर मांडलं. वीस गेजचा पत्रा, म्हणजे जवळपास ०.९ मिलिमीटर, चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरतो. हाताने केलेलं ३ मिलिमीटरचं फायबर साडेचार किलोच्या आसपास. म्हणजे बॉनेटमागे दोन-तीन किलो वाचणार, आणि ते ९०० किलोच्या आसपासच्या गाडीत. शर्यतीत उतरणारा माणूस त्या किलोंसाठी जीव टाकेल. मला लक्ष्मी रोडला जायचं आहे.

उलट उन्हाचा मुद्दा जड होता. गाडीचा मूळ रंग गडद निळा. मे महिन्यात गडद बॉनेटला हात लावून बघा. वरून ऊन, खालून इंजिन. साधं पॉलिस्टर रेझिन साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून मोठ्या सपाट तुकड्याला कालांतराने पोक येतो. तापल्यावर फायबर पत्र्याच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, तेव्हा सकाळी जुळलेली फट दुपारी जुळत नाही. आणि उन्हात आतलं रेझिन आणखी आकसलं की मॅटची नक्षी चकचकीत रंगातून वर दिसू लागते. पेंटरने हे न विचारता सांगितलं: "साहेब, बूथमध्ये साठ डिग्रीला फायबर टाकलं की रंग माझा आणि डिझाइन त्याचं." माझं बॉनेट तसंही फक्त पुढच्या कडेला गंजलं होतं. ते ठेवलं.

एवढं झाल्यावर अण्णांच्या अटीकडे वळलो. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्राने २०२१ साली मोटार वाहन नियमांत व्हिंटेज नोंदणीची तरतूद केली. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुन्हा नोंदणीला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण इथेच आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. अण्णांचं काम झालं! (रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल वगैरेसाठीच. म्हणजे लक्ष्मी रोडही तसा गेलाच.) पण त्याच नियमात म्हटलं आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. फायबर हा शब्द त्यात नाही. बोल्टवरचा मडगार्ड म्हणजे बॉडी शेल नव्हे, असा वाद घालता येईलही. पण तपासणी करणाऱ्या समितीसमोर गाडी उभी करून मी वकिली का करू? कुणी खिशातून लोहचुंबक काढला आणि तो मडगार्डवरून घसरला, तर पुढचं सगळं बोलणं बचावाचं होतं. विकत घेणाराही हेच करतो. जुन्या गाडीच्या बाजारात चुंबक हा पहिला परीक्षक.

तेव्हा पत्रा ठरला. आता पत्रा आणायचा कुठून?

टॅक्सी होत्या तोवर हा प्रश्न नव्हता. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, कुर्ल्याच्या कारखान्यातून दशकानुदशकं निघत राहिली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांमुळे तिचे पत्रे हवे तेवढे मिळायचे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. गिऱ्हाईक संपलं तसा दुकानदारांनी माल मोडीत काढला. पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात विचारून झालं, हँडल आणि काचा मिळाल्या. शेवटी कुर्ल्यात एका जुन्या स्पेअरवाल्याच्या माळ्यावर डाव्या बाजूचा मडगार्ड मिळाला, कंपनीचा, काळ्या प्रायमरमध्ये, वर धुळीचा थर. घेताना तीन गोष्टी बघाव्यात: लॅम्पची भोकं आपल्या मॉडेलला जुळतात का, दुमडलेल्या कडेच्या आत गंज सुरू झालाय का, आणि माळ्यावर वर्षानुवर्षं वजनाखाली पडून पीळ बसलाय का. कंपनीचा आहे म्हणून तो आपोआप बसेल अशी आशा धरू नये. या गाड्या कारखान्यातही हाताने जुळवलेल्या. आमच्याही मडगार्डचे बोल्ट ढिले ठेवून, दरवाजा लावून, बॉनेट टाकून, मग हळूहळू आवळत आणावं लागलं.

उजवा मिळाला नाही. मग आमच्या डेंटरने, सगळे त्यांना चाचा म्हणतात, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाक्य टाकलं: "पूरा क्यूँ बदलना? सडलाय तेवढाच काढू." मडगार्डचा वरचा भाग ठणठणीत होता. खालचा तिसरा हिस्सा आणि हेडलाइटच्या वाटीचा मागचा भाग तेवढा गेलेला. दुकानात 'मडगार्ड द्या' म्हणून मागणी करत फिरताना हा पर्याय डोक्यातच येत नाही, कारण दुकान अख्खी वस्तू विकतं.

चाचांचं काम बघण्यासारखं. डाव्या नव्या मडगार्डवर पुठ्ठा धरून फर्मा काढला आणि तो उलटा करून उजव्यासाठी वापरला. वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कात्रीने कापला. वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकून पोट आणलं, पाइपावर दाबून कमानीची गोलाई आणली, कड शेवटी दुमडली. जुना सडका भाग गंज संपतो तिथून दोन बोटं पुढे, चांगल्या पत्र्यात जाऊन कापला. मी बावीस गेज, म्हणजे आणखी पातळ, सुचवला होता, सोपा वळतो म्हणून. चाचा म्हणाले, जुन्या पत्र्याच्या जाडीशी जुळला नाही तर सांध्यावर उष्णता एकीकडे जास्त बसते आणि पातळ बाजू जळते.

वेल्डिंग गॅसच्या ज्योतीचं नको, सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशात विजेने होणारं) हवं, यावर मी अडून होतो आणि त्यांचीही तयारी होती. गॅसने मोठ्या भागाला उष्णता लागते आणि सपाट पत्रा फुगून लाटा येतात. सीओटूनेही येतात, जर ओळीने रेघ ओढली तर. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग मध्ये, आणि मध्ये थांबून पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत वाट बघायची. पत्रे एकमेकांवर चढवून नव्हे, तर कडेला कड लावून. चढवलेल्या सांध्यात पाणी शिरतं आणि काही पावसाळ्यांत तीच रेघ फुगून वर येते. टाके घासल्यावर डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने सरळ केलं. पुट्टी लागलीच, पण पापुद्र्याएवढी. आणि ती उघड्या पत्र्यावर नाही, आधी दिलेल्या इपॉक्सी प्रायमरवर. पुट्टी ओल शोषते. खाली प्रायमर नसेल तर गंज तिच्या आडून सुरू होतो. हे काम आम्ही मुद्दाम पावसाआधी उरकलं, कारण दमट हवेत घासलेला पत्रा रात्रीत लालसर होतो.

पैशांचं म्हणाल तर मजुरी धरून उजव्या मडगार्डचा खर्च फायबरहून जास्त आणि कुर्ल्याच्या मडगार्डहून कमी झाला. ज्याच्या गावात चाचांसारखा माणूस नाही, त्याचा हिशेब वेगळा लागेल. आणि नोंदणीचा प्रश्न नसलेली, पावसात रोज फिरणारी, पुढेमागे विकायची नसलेली गाडी असेल, तर मडगार्डला फायबर मी अजूनही चुकीचं म्हणणार नाही. फक्त लॅम्पला वेगळी अर्थची वायर टाकायला विसरू नका. पत्र्याच्या मडगार्डमध्ये लॅम्प बॉडीतून अर्थ घेतो, फायबरमध्ये त्याला रस्ताच नसतो, मग इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकतो आणि इलेक्ट्रिशियन दिवसभर फ्यूज तपासत बसतो.

फायबरवाल्याकडे मी परत गेलो, वेगळ्या कामासाठी. मडगार्ड सडले ते चाकाने उडवलेला चिखल हेडलाइटच्या वाटीमागे साठून. कंपनीने तिथे आडोसा दिलेला नाही. म्हणून चाकाच्या वरच्या पोकळीत बसेल असा एक आतला पडदा करून घेतला, तीन रबरी बुशांवर, काढता-घालता येणारा. तिथे दिसण्याचा प्रश्न नाही, फटीचा नाही, चुंबकाचा नाही, भार नाही; आणि गंजू नये ही एकच अपेक्षा. त्याने पुठ्ठ्यावरून साचा केला, काळं पिगमेंट रेझिनमध्येच मिसळलं. पहिल्या पावसानंतर पडदे उतरवून मागे हात फिरवला तर वाटी कोरडी, बोटाला नुसती धूळ. तपासणीलाही मी पडदे काढूनच गाडी नेली, उगाच प्रश्न नकोत.

मागच्या चाकांसाठी तसेच दोन सांगून ठेवलेत. गणपतीचा हंगाम संपला की मिळतील म्हणाला.