कांद्याच्या सालीचा रंग टिकतो का?

सालींनी रंगवलेलं कापड हातात घेतलं की बहुतेकजण विचारतात, "हा रंग टिकतो का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगते: काही टिकतात, काही मुळीच टिकत नाहीत, आणि भाजी किती रंगीत दिसते यावरून ते कळत नाही.

बीट चिरताना हात लालभडक होतात, म्हणून कापडही तसंच रंगेल असं वाटतं. पण त्यातलं बीटानिन हे लाल रंगद्रव्य धाग्याला धरून राहत नाही. धुण्यात जातं, उरलेलं उन्हात विटतं. लाल कोबीचा रंग तर साबणाच्या पाण्यातच पालटतो. याउलट डाळिंबाची वाळकी साल बघा. दिसायला मातकट, पण टॅनिनने, म्हणजे धाग्याला चिकटून राहणाऱ्या तुरट द्रव्याने, भरलेली, म्हणून भरवशाची. अक्रोडाच्या कवचावरचं हिरवं साल तर रंगबंधकाशिवायच (म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाशिवायच) लोकरीवर पक्का तपकिरी रंग चढवतं. कांदा या दोन टोकांच्या मधला. त्याचा पिवळा-केशरी रंग तुरटीवर छान बसतो, पण कडक उन्हात हळूहळू उतरतो.

खरं काम तुरटीचं आहे. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम एकीकडे धाग्याला आणि दुसरीकडे रंगाच्या रेणूला धरतं. लोकरीसाठी कोरड्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी पुरते. सुती कापड हट्टी. त्याला आधी टॅनिनच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीत. पॉलिएस्टरच्या नादी लागू नका. आणि मीठ-व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, हा सगळीकडे फिरणारा सल्ला कृपया सोडून द्या. त्यापायी किती जणांचा उत्साह पहिल्याच धुण्यात वाहून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला सगळ्यात आवडतं ते हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. डाळिंबाच्या पिवळ्या कापडाला त्याच्या अगदी सौम्य पाण्यात बुडवलं की बघता बघता ते राखाडी होतं, कधी जवळजवळ काळं. हात मात्र आखडता ठेवा, जास्त लोहाने धागा कमकुवत होतो. आणि रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.

नवी साल हाती आली की आधी एक तुकडा रंगवा, अर्धा जाड पुठ्ठ्याने झाका आणि दोनेक आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागांत ठळक फरक दिसला, तर त्या सालीने रोज वापरायचे कपडे रंगवू नका. थोडाच फरक असेल तर बिनधास्त रंगवा. फिकं झालेलं कापड त्याच सालीत पुन्हा रंगवता येतं.