आमची वाटचाल : बंद खोलीतली मिरची

रोपवाटिका म्हटलं की शेडनेट आठवतं. आमची रोपवाटिका मात्र बंद खोलीत आहे. लोखंडी मांडण्या, त्यांवर प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठी लहान कप्प्यांचे ट्रे, आणि वर एलईडी दिवे. पीक एकच, मिरची. वांगी-टोमॅटोही घ्या, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण मिरचीचं बी इतकं लहरी की त्यातून सवड मिळत नाही.

सुरुवात एका मांडणीपासून झाली. दिव्यांच्या आधी आम्ही घेतली ती ट्रेखाली ऊब देणारी चटई. मिरचीच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही, ऊब लागते. अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरलेल्या बियाभोवती २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान टिकलं, तर नेहमीच्या मिरचीचं बी आठवडा-दोन आठवड्यांत वर येतं. २० च्या खाली ते रेंगाळतं, आणि ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, रेंगाळलेलं बी बहुधा कुजतंच. खोलीच्या तापमानावर विसंबून चालत नाही. पाणी उडत राहतं म्हणून ओलं कोकोपीट हवेपेक्षा थंड असतं. थर्मामीटर त्यातच खुपसावा लागतो.

हबनेरो या जहाल तिखट मिरचीची मागणी आली तेव्हा वेळापत्रकच बदललं. ही जात वेगळ्या प्रजातीतली, कॅप्सिकम चायनेन्स. तिला कधी तीन-चार आठवडेही लागतात. तेव्हापासून संथ जातींचे ट्रे आम्ही वेगळे ठेवतो, नाहीतर एकाच ट्रेमध्ये निम्मी रोपं उजेड मागतात आणि निम्मं बी अजून झोपलेलं असतं.

अंकुर दिसला की गणित उलटतं. आता ऊब कमी, उजेड जास्त. ट्रे चटईवरून काढून रोज १४ ते १६ तास दिव्याखाली. खिडकीतल्या उजेडाचं कौतुक करणाऱ्यांशी आमचं कधीच पटलं नाही. तिथे रोप एका बाजूला झुकतं, बारीक आणि लांबुडकं होतं. आम्ही एक छोटा पंखाही चालू ठेवतो. खेळत्या हवेत खोडं दणकट होतात आणि कोकोपीटचा वरचा थर कोरडा राहतो. पाणी खालच्या तबकातून, आणि वरचा थर सुकल्यावरच. बंद खोलीत रोपं जमिनीलगत कोलमडण्याचा रोग पसरला, तर अख्खा ट्रे हातचा जातो. तो ओलाव्यावर पोसतो. चिलटांचंही तेच.

अंकुराच्या पहिल्या दोन बीजपानांनंतर येणाऱ्या खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप कुंडीत. विक्रीआधी आठवडा-दहा दिवस ते बाहेरच्या ऊन-वाऱ्याला सरावतं, आधी सावलीत तासभर, मग हळूहळू जास्त. एवढ्यासाठी ऑर्डर लांबते आणि काही गिऱ्हाइकं जातातही. जाऊ देत. दिव्याखालचं कोवळं पान थेट उन्हात करपतं.

अलीकडे आम्ही बीही धरू लागलो आहोत, आणि इथे बंद खोली खरी कामी येते. मिरची स्वतःच्या परागावर फळ धरते, पण उघड्यावर कीटक एका जातीचा पराग दुसरीवर नेतात. तो संकर त्या वर्षीच्या फळात दिसत नाही, पुढच्या रोपात उमटतो. खोलीत पराग नेणारे कीटक नाहीत, त्यामुळे सकाळी फुलं टिचकीनं हलवायचं काम आमचं. आणि दोन जातींच्या मध्ये जाळीचा पडदा. फळ झाडावर पुरतं पिकल्याशिवाय बी काढत नाही. संकरित वाणांचं बी धरतच नाही, त्यातून आई-बापासारखं रोप येईल याचा भरवसा नसतो.

सध्या मागणी बियांपेक्षा रोपांनाच जास्त आहे, म्हणून एक मांडणी बियांच्या झाडांना आणि बाकी सगळ्या मांडण्या रोपांच्या ट्रेंना.