दहा नंबरच्या जागी ज्युनियर का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि एकदाच लिहितो. यापुढे फातोर्ड्याच्या स्टेडियमच्या गेटवर कुणी गाठलं तर हाच कागद हातात ठेवीन.

धेंपो या आपल्या गोव्याच्या फुटबॉल क्लबच्या आजवरच्या सर्वोत्तम अकरांत मी ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरला का घेतो? जेमतेम काही महिने इथे होता, राष्ट्रीय लीगमध्ये धेंपोकडून एक सामना खेळला नाही, मग पुढच्या फळीत रँटी मार्टिन्सच्या शेजारी त्याला जागा कशाला? हे ऐकून माझे कान किटलेत. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स, क्लिफर्ड, बेटो या नावांवर कुणी भांडत नाही. 2011-12 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे राष्ट्रीय लीगच्याच पुढच्या रूपात, एकट्याने 32 गोल मारणाऱ्या रँटीवर तर कोण भांडणार? भांडण त्या एकाच जागेचं.

हिशेब मलाही येतो. 2008 मध्ये वहीत पहिली यादी केली तेव्हा नियम मीच घातला होता: क्लबसाठी शंभर सामने नसतील तर नाव नाही. ज्युनियर त्या यादीत नव्हता. तुम्ही आज जे मुद्दे माझ्या तोंडावर फेकता ते सगळे मी तेव्हा मित्रांना ऐकवलेत, तुमच्यापेक्षा जास्त तोऱ्यात. नियम निःपक्षपाती होता असं मला वाटायचं. आता शंका येते की एक नाव लिहावं लागू नये म्हणूनच मी तो केला असेन.

5 डिसेंबर 2004, रविवार. फेडरेशन चषकाची फायनल, बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर, समोर मोहन बागान. मी फोंड्याला मामाकडे टीव्हीसमोर. एक गोल ज्युनियरने आधीच मारलेला. 78 व्या मिनिटाला तो पुन्हा बॉल घेऊन आत घुसला, गोलरक्षक पुढे आला, दोघं धडकले आणि बॉल जाळ्यात. 2-0. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. मामी आतून येऊन म्हणाली, शेजारचे काय म्हणतील. ज्युनियर उठला नव्हता. मी घड्याळ बघितलं, बारा मिनिटं उरलेली, दोन गोलांची आघाडी, आणि आपला माणूस आडवा. मला वाटलं, वेळ काढतोय. घरात आम्ही कोंकणीच बोलतो. मी टीव्हीकडे बघून हसत म्हटलं, "उठ रे, नाटकां पुरो!"

मामा हसला नाही. तो पुढे सरकून बसला होता. पडद्यावर कुणीतरी ज्युनियरच्या तोंडात श्वास फुंकत होतं. मग ते त्याला उचलून घेऊन गेले. सामना पुढे चालू राहिला, आपण चषक जिंकला, आणि मी तो जिंकलेला पाहिलासुद्धा. तो गेल्याची बातमी नंतर मित्राच्या फोनवर कळली. पंचवीस वर्षांचा होता. मामाने टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसला, जे काम तो एरवी कधी करत नाही.

म्हणजे हे प्रायश्चित्त आहे, असं तुम्ही म्हणणार. म्हणा. मीही रात्री तेच म्हणतो. सकाळी मात्र फुटबॉलचं कारण सापडतं. तो चषक त्याच्या दोन गोलांवर आला, आणि त्याच मोसमात प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या पोरांनी राष्ट्रीय लीगही जिंकली. पुढे 2007, 2008, 2010, 2012. क्लबने दहा नंबरची जर्सी त्याच्यासोबत बंद केली, म्हणजे ही पाचही विजेतेपदं दहा नंबरशिवाय आली. आता तुम्हीच सांगा, माझ्या अकरांत दहा नंबर कुणाच्या पाठीवर घालू?

या युक्तिवादाला भोकं आहेत, माहीत आहे. पुण्यातला माझा एक बंगाली मित्र म्हणतो, ज्युनियर मुळात तुमचा नव्हेच. 2003-04 मध्ये ईस्ट बंगालसाठी 15 गोल मारून तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, ईस्ट बंगाल विजेता झाला. खेळला आमच्याकडे, तुमच्याकडे नुसता मेला, असं तो एकदा बोलून गेला. आम्ही वर्षभर बोललो नाही. वाक्य क्रूर आहे, पण खोटं आहे असं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

आणि मामा. त्याला माझी सगळी यादीच पोरकट वाटते. 1974 मध्ये मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकणारी धेंपो त्याची. "तुझ्या अकरांत त्यातला एक तरी आहे?" नाही. मी त्यांना खेळताना पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्याला घ्यायचं कसं? "मग सर्वोत्तम कशाला म्हणतोस, तू बघितलेले असं म्हण." इथे माझ्याकडे उत्तर नसतं. मी विषय रँटीवर नेतो.

बेटोला पुढे सरकवून ती जागा भरता येते, हेही सुचवून झालंय. करून बघितलं. आठवडाभर यादी तशी ठेवली. पण बेटो मधल्या फळीतच शोभतो, त्याला पुढे ढकललं की क्लिफर्डला बॉल द्यायला कुणी उरत नाही.