आबांची विकर्स आणि शाम्पूची माळ

२०१६ चा एप्रिल कुठला लातूरकर विसरला असेल असं वाटत नाही. १२ तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि स्टेशनवर टीव्हीवालेच जास्त. आमच्या गल्लीला मात्र टँकरच, तो पण आला तर आला. दुपारी सगळ्यांनी घागरी-ड्रम नंबरला लावायचे आणि आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर सावलीला बसायचं.

तर असंच बसलो होतो, १४ एप्रिल तोंडावर, आबांनी मेडलं चिंचेनं घासून वाळत ठेवलेली. आबा म्हणजे आमचे चुलत आजोबा, महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, १९४६ ला तिची मशीनगन रेजिमेंट केली, त्यामुळं बिल्ल्यावर दोन विकर्स मशीनगना एकमेकींवर तिरप्या आहेत, आजपण. आबांनी त्याच गनवर मध्य प्रदेशातल्या सागरला ट्रेनिंग घेतलेलं.

माझा भाचा मोबाईलवर गेम खेळत होता. त्यातला गडी मशीनगन कमरेला लावून पळत पळत धडाधडा मारतोय, लाल पट्टी भरली की गन 'गरम', दोन सेकंद थांबला की परत सुरू. आबा लई वेळ बघत बसले आणि म्हणले, "ह्येचं पाणी कुठंय?"

आम्हाला वाटलं टँकरचं विचारायलेत.

गनचंच विचारत होते. विकर्सच्या नळीभोवती पत्र्याचा जाडजूड डबा असतो, त्यात साधारण चार लिटर पाणी. जोरात फायरिंग चालू असलं तर सहाशेक गोळ्यांतच ते उकळायला लागतं, म्हणजे तीन मिनिटांत चहाचं आधण. मग त्या वाफेला रबरी पाईप, पाईपाचं तोंड खाली पाण्याच्या डब्यात, वाफ तिथं गार होऊन परत पाणी होणार आणि तेच पाणी परत गनमध्ये ओतायचं. वाफ वर दिसली तर समोरच्याला आपली जागा कळते, हे एक कारण, पण आबांना कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं, थेंब वाया जात नाही. "आमच्या गनला बी टँकर लागायचा लेकरा, पण ती पिलेलं माघारी द्यायची."

भाचा म्हणला आबा लोड कशी करायची ते दाखवा की. आबा उठले आणि दुकानात लटकवलेली शाम्पूच्या पुड्यांची माळच काढून आणली. बरोबर तशीच दिसते हो! कॅनव्हासचा पट्टा, त्यात थ्री नॉट थ्रीच्या गोळ्या शेजारी शेजारी खोचलेल्या, एका पट्ट्यात २५०, पट्ट्याच्या टोकाला पितळी पट्टी. एक नंबरवाला गनमागं बसणार, दोन नंबरवाला उजव्या बाजूला. दोन नंबरनं पितळी टोक उजवीकडून आत घालायचं, एक नंबरनं उजव्या हातानं हँडल मागं ओढायचं, डाव्या हातानं पट्टा डावीकडं खेचायचा, हँडल सोडून द्यायचं. खट्. आता परत तेच, ओढा, खेचा, सोडा. खट्.

"दोनदा कामून?" मी विचारलं.

तर पहिल्या वेळी गनच्या आतला चिमटा पट्ट्यातल्या गोळीला नुसतं धरतो. दुसऱ्या वेळी ती गोळी मागं ओढून पट्ट्यातनं उपसतो, खाली घेतो आणि नळीत ढकलतो, तेवढ्यात पुढची गोळी धरलेली असते. मला वाटायचं गोळी पट्ट्यातनं सरळ पुढं जात असेल, तसं नाही, आधी मागं येते. आबांनी ते एका पुडीवर करून दाखवलं, पुडी फुटली, हात सगळा शाम्पूचा आणि धुवायला पाणी नाही.

फायरिंगला घोडा नसतो. मागं दोन मुठी, बोटांनी सेफ्टी उचलून धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. आणि दाबूनच धरायचं नाही, वीस-पंचवीस गोळ्या, थांबा, परत. बाजूला फिरवायची तर तळहातानं मुठीला हलकी थाप, जात्याच्या खुंट्याला मारावी तशी. दोन नंबरवाल्याचं काम लोकांना फालतू वाटतं पण पट्टा वाकडा शिरला की गन अडली, त्यामुळं सगळा वेळ पट्टा हातावर सरळ धरायचा. अडली तर डोकं चालवायचं नाही, हँडल कुठं थांबलंय तेवढं बघायचं. पूर्ण टेकलेलं असलं तर गोळी फुसकी निघाली किंवा पिन मोडली, जरासं वर राहिलं तर पट्ट्यात घोळ. रात्री हाताला सुद्धा कळतं.

आता हे सगळं गेलं. आजच्या गना हवेवर गार होतात, नळी तापली की नळीच बदलायची, पट्टा लोखंडी कड्यांचा, कड्या सुट्ट्या होऊन खाली पडतात. आणि एकेकाळी हेवी म्हणायचे ती विकर्स पुढं मीडियममध्ये गेली, हेवी म्हणजे आता १२.७ एमएमची, आपल्या टी-७२ रणगाड्याच्या टपावर असते ती. आबांना तिच्यात काय इंटरेस्ट नव्हता, पाणी न पिणारी गन म्हणजे त्यांच्या मते मोठी रायफलच.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि गल्ली उठून पळाली, मी पण घागर धरली, तर मागनं आबांचा दम, "थांब! आधी गन रिकामी कर!"

मग काय, घागर खाली ठेवून मी पट्टा न खेचता दोनदा हँडल ओढलं, आबांनी माळ हळू बाहेर काढली, शेवटी दोन्ही अंगठे हवेत दाबले, आत काय राहिलं नाही ह्याची खात्री केली, आणि म्हणले पळ आता. नंबर गेलाच होता.